परदेशाचा हिशेब तिरोडीतून मांडताना

तिरोडीहून तुमसरकडे निघालं की फार लांब न जाताच राज्य बदलतं. बावनथडीच्या एका अंगाला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा भंडारा. धानाचे बांध दोन्हीकडे सारखे, बाजारातली बोली सारखी, आणि मॅंगनीजचा थर राज्यांची हद्द न जुमानता दोन्हीकडच्या जमिनीखाली पसरलेला. तिरोडी आणि डोंगरी बुजुर्ग या दोन्ही खदानी 'मॉईल' या एकाच खाण कंपनीच्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही मुलखांची राजधानीसुद्धा एकच होती, नागपूर. आता एक आकडा पाहा. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० सालच्या अहवालात हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूचं प्रमाण मध्य प्रदेशात ४३ होतं, महाराष्ट्रात १६. हे आकडे शब्दशः घेतले तर तिरोडीत जन्मलेल्या बाळाचा धोका नदीपलीकडच्या बाळापेक्षा अडीच पटींहून अधिक ठरेल. तसं अर्थातच नाही. ४३ मध्ये झाबुआ आणि इंदूर दोन्ही मिसळलेले आहेत, १६ मध्ये गडचिरोली आणि पुणे. या दोन्ही सरासऱ्यांना तिरोडीचा किंवा नदीपलीकडच्या गोबरवाहीचा पत्ता ठाऊक नाही.

ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी जायचं म्हणते आहे, त्या घराने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. 'जर्मनीत जीवनमान चांगलं की भारतात?' हा प्रश्न आपण असा विचारतो, जणू माणूस देशात राहतो. माणूस देशात राहत नाही. एका गावात, एका पगारावर, एका वयात, आणि कुणाचा तरी मुलगा, सून, आई किंवा बाप म्हणून राहतो. म्हणून देशाची देशाशी तुलना करणाऱ्या तक्त्यावरून घराचा निर्णय घेऊ नये. त्या तक्त्याचा उपयोग कुठवर आणि तो संपल्यावर हिशेब कसा मांडायचा, ते सांगण्यासाठी हा लेख. उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला, आणि तेव्हापासून नागपूर-भंडारा पट्ट्यात जर्मन शिकवण्याच्या जाहिराती घरोघरी पोचल्या. तिरोडीच्या मुलाला मात्र इथेच पहिली अडचण आहे. योजना महाराष्ट्राची, त्याचं अधिवास प्रमाणपत्र मध्य प्रदेशाचं. नातेवाईक तुमसरचे असोत की नागपूरचे, कागद तिरोडीचाच राहणार. तेव्हा आपण या योजनेत बसतो का, हे वर्गाची फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

देशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत सर्वांत प्रतिष्ठित तक्ता मानव विकास निर्देशांकाचा. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने तो १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासाठी तयार केला. केवळ दरडोई उत्पन्नावरून देशाची उंची मोजू नये, आयुर्मान आणि शिक्षणही त्यात धरावं, हा त्यामागचा विचार. आपल्या वाचकांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल: भारतात राज्यपातळीवरचा पहिला मानव विकास अहवाल मध्य प्रदेशाने काढला, १९९५ मध्ये, महाराष्ट्राचा आला तो २००२ मध्ये. अशा अहवालांचा खरा उपयोग हाच आहे, सरकारला आपला कोणता भाग मागे राहिला ते दाखवणं. २०२५ च्या जागतिक अहवालात १९३ देशांत भारत १३० वा आहे, निर्देशांक ०.६८५, जर्मनी पाचवा, ०.९५९. ही दरी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा असतो, जो बातम्यांत क्वचितच येतो. देशांतर्गत विषमता हिशेबात धरली की भारताचा निर्देशांक सुमारे ३१ टक्क्यांनी खाली येतो. याचा अर्थ असा की भारताची सरासरी हा अतिशय भिन्न आयुष्यांचा एकत्र केलेला आकडा आहे. जर्मनीत सरासरी माणूस शोधला तर त्याच्या जवळपासचे बरेच सापडतील. भारतात सरासरी माणूस शोधणं फार कठीण. सेन यांनीच दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना म्हातारपण गाठण्याची शक्यता केरळातल्या, पैशाने कितीतरी गरीब असलेल्या, पुरुषांपेक्षा कमी होती. श्रीमंत देशात राहणं आणि श्रीमंत देशाचं आयुष्य वाट्याला येणं या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आता पैशाकडे वळू, कारण घरातली पहिली चर्चा पैशाचीच होते आणि पहिली चूकही तिथेच होते. समजा, एखाद्या कुशल कामगाराला तिकडे महिन्याला २,८०० युरो पगार मिळणार आहे. घरात लगेच गुणाकार होतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दोन लाख ऐंशी हजार. हा आकडा दोनदा चुकलेला आहे. पहिली चूक, हातात येणारा पगार हा नव्हे. आयकर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा आणि वार्धक्यातल्या शुश्रूषेचा विमा, हे सारं पगारातूनच कापलं जातं, आणि एकट्या अविवाहित माणसाच्या हातात ढोबळमानाने १,९०० युरो पडतात. दुसरी चूक मोठी आहे. तिकडे खर्च होणाऱ्या युरोची किंमत शंभर रुपये नाही. दोन्ही देशांतल्या किमती पाहून जागतिक बँक जी क्रयशक्तीची तुलना करते, तिच्यावरून गणित मांडलं तर जर्मनीत एका युरोत जेवढं मिळतं तेवढंच भारतात तिसाच्या आसपास, खरं तर तिसापेक्षा थोड्या कमी रुपयांत मिळतं. न्हाव्याकडे जाणं, रिक्षा, धुणीभांडी, नळ दुरुस्त करणारा, घरभाडं, ज्यात माणसाचे हात लागतात ते सगळं तिकडे महाग आणि इकडे स्वस्त, कारण इकडे हातांनाच कमी मोल दिलं जातं. मोबाइल, लॅपटॉप, विमानाचं तिकीट यांना हा भाव लागू होत नाही. त्या वस्तू जगभर जवळपास एकाच भावाने विकल्या जातात.

म्हणून हिशेबाला दोन भाव वापरावे लागतात. ही एक गोष्ट या लेखातून पक्की घ्यावी. जो युरो तिकडेच खर्च होणार त्याला तिसाचा भाव लावायचा, जो शिल्लक राहून घरी येणार त्याला शंभराचा. वरच्या उदाहरणात १,९०० पैकी खोलीभाडं, वीज, हीटिंग, जेवण, प्रवास, फोन, कपडे यांत १,४०० गेले असं धरा. श्टुटगार्टसारख्या महागड्या शहराच्या परिसरात हा अंदाज काटकसरीचाच म्हणावा लागेल. १,४०० युरोंचं तिथलं राहणीमान म्हणजे आपल्याकडे एकट्या माणसाने महिन्याला चाळीस हजार रुपयांत राहावं तसं. उरलेले पाचशे युरो घरी पाठवले तर इथे पन्नास हजार होतात. आता हा आकडा प्रामाणिक झाला: चाळीस हजारांचं राहणं आणि पन्नास हजारांची शिल्लक. दोन लाख ऐंशी हजारांचं स्वप्न आणि हा हिशेब यांत केवढं अंतर आहे ते पाहा. तरीही, नागपूर-पुण्यात पंचवीस-तीस हजारांवर काम करून दहा हजारही मागे न टाकू शकणाऱ्या तरुणासाठी ही शिल्लक थोडी नाही. दोन भावांचा हिशेब परदेशाला वाईट ठरवण्यासाठी मांडायचा नसतो. त्याने एवढंच कळतं की तिकडे गेलेला मुलगा श्रीमंतासारखा राहणार नाही, आणि तो जे वाचवेल ते इथे आल्यावरच मोठं होईल. बायको-मुलं तिकडे गेली, खर्च सगळा युरोत झाला, शिल्लक इथे यायची थांबली, की हिशेबाचा मोठा आकडा नाहीसा होतो आणि फक्त तिसाचा भाव उरतो. पुष्कळ घरांत हा बदल काही वर्षांनी येतो आणि त्याची तयारी कुणीच केलेली नसते.

यावर जाणकार वाचक म्हणेल की क्रयशक्तीच्या भावात सगळंच येत नाही, आणि ते बरोबर आहे. खिशातून होणारा खर्च दिसतो. खिशात हात न घालता जे मिळतं ते दिसत नाही. जर्मनीत पगारातून आरोग्य विमा आधीच कापला गेलेला असतो, म्हणून डॉक्टरकडे जाताना पाकीट चाचपावं लागत नाही. भारतात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण जर्मनीत हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपासच असतं. आयुष्मान कार्ड असलेलं तिरोडीचं कुटुंब त्या योजनेतल्या नागपूरच्या रुग्णालयातही पाच लाखांपर्यंतचे उपचार घेऊ शकतं, आणि २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अटही राहिलेली नाही. पण कार्ड नसलेल्या पन्नाशीच्या छोट्या दुकानदाराचा एक मोठा आजार घराची दहा वर्षांची बचत नेऊ शकतो. तेव्हा भारताच्या बाजूचा हिशेब मांडताना खाजगी शाळेची फी, खाजगी दवाखाना, आरोग्य विम्याचा हप्ता, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, मोटरसायकल आणि तिचं पेट्रोल हे सगळं आधी वजा करा. तिकडे यातल्या पुष्कळ गोष्टी कराच्या बदल्यात मिळतात. करावरून कुरकुर करणाऱ्याने ही वजाबाकी एकदा कागदावर करून पाहावी.

रस्त्यावरची सुरक्षितता हीसुद्धा अशीच, खिशाबाहेरची मिळकत. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली; जर्मनीत २,७८८. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर लाखामागे आपल्याकडे बारा आणि तिकडे तीन-साडेतीन. हवेचं मात्र असं सरसकट सांगता येत नाही. सूक्ष्म धूलिकणांच्या सरासरीत भारत जर्मनीच्या पाचपट वाईट दिसतो, पण भारताची ती सरासरी मुख्यत्वे शहरांतल्या मोजणी यंत्रांवरून निघते. बालाघाट जिल्ह्याचं निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे; इथली हवा दिल्लीच्या सरासरीने मोजणं म्हणजे वैनगंगेचं पाणी यमुनेत उतरून तपासणं. तिरोडीत उघड्या खदानीच्या कडेला, ट्रकांच्या रस्त्यावर ज्यांचं घर आहे त्यांची धूळ वेगळी, आणि ती कोणत्याही देशाच्या आकड्यात नाही.

आता एका गाठीकडे येतो, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुलना करताना आपण एका पारड्यात जर्मनी ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात तिरोडी. पण जो मुलगा जर्मनीला जायचं म्हणतो आहे तो गेला नाही तर तिरोडीत राहणार आहे का? बहुधा नाही. खदानीत आता पूर्वीसारखी हातांची गरज उरलेली नाही, धानाची शेती एका घरात दोन पदवीधर पोसत नाही. तो नागपूरला जाईल, पुण्याला जाईल, हैदराबादला जाईल. म्हणजे दुसऱ्या पारड्यात नागपुरातली भाड्याची खोली ठेवायला हवी, तिरोडीचं अंगण नव्हे. हा बदल केला की जर्मनीविरुद्ध दिले जाणारे निम्मे भावनिक आक्षेप हलके होतात, कारण अंगण दोन्ही वाटांवर सुटतंच. आणि त्याच वेळी एक नवा फरक वर येतो: अंतर. बापाच्या छातीत कळ आली तर नागपूरचा मुलगा त्याच दिवशी पोचतो. श्टुटगार्टच्या मुलाला रजा, तिकीट, फ्रँकफुर्ट, मुंबई किंवा दिल्ली, मग नागपूर, असं करत दीड-दोन दिवस लागतात, आणि महिन्याची सगळी शिल्लक त्या एका फेरीत जाते. या अंतराची किंमत आई-बापाच्या वयाप्रमाणे वाढते. आई-बाप पंचेचाळिशीचे असताना ती जवळपास शून्य, पासष्टीनंतर दरवर्षी चढत जाणारी. म्हणून तुलनेचा कागद आजच्या तारखेचा एकच करू नये. आजचा, दहा वर्षांनंतरचा आणि पंचवीस वर्षांनंतरचा असे तीन करावेत, आणि प्रत्येकावर घरातल्या प्रत्येकाचं त्या वेळचं वय लिहावं. 'आई-बाबांना तिकडे घेऊन जाईन' हे वाक्य त्या कागदावर सहज लिहू नये. मार्च २०२४ पासून काही कुशल कामगारांना आई-वडिलांना आणण्याची मुभा मिळाली आहे, पण त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्य विम्याची हमी मुलाला द्यावी लागते, आणि उतारवयातल्या माणसाचा खाजगी विमा तिकडे अतिशय महाग पडतो.

मुलांचं वयही असंच निर्णायक. बाडेन-व्युर्टेंबर्गसह जर्मनीच्या बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कुणी व्यवसाय शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत. पुढे वाट बदलता येते, पण सोपं नसतं. तिसऱ्या वर्षी गेलेलं मूल बालवाडीत जर्मन उचलतं आणि चौथीपर्यंत इतरांच्या बरोबरीला येतं. नवव्या वर्षी गेलेलं मूल गणितात कितीही हुशार असलं तरी ते भाषेमुळे चुकीच्या वाटेवर लागण्याचा धोका असतो. देश तोच, शाळा तीच, घर तेच, आणि सहा वर्षांच्या फरकाने दोन मुलांना मिळालेलं जीवनमान अगदी वेगळं. उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्यही तपासून घ्यावं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते खरं आहे, पण नेमकं याच बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. आणि व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे आणि तो वाढतच आला आहे.

घरातल्या बाईचा हिशेब तर वेगळाच मांडायला हवा, आणि बहुतेक घरांत तो मांडलाच जात नाही. 'आपल्याकडे आपली माणसं आहेत, गरम जेवण आहे, आजारपणात कुणी तरी पाठीशी आहे', हा परदेशाविरुद्धचा सर्वांत जुना आणि मनापासून दिला जाणारा आक्षेप. तो खोटा नाही. पण हे सुख कुणाच्या श्रमावर उभं आहे ते विचारा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याच्या घरकामात घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले, म्हणजे दरी जशीच्या तशी राहिली. तिकडे कामवाली परवडत नाही, सासू जवळ नाही, भांडी दोघांनाच घासावी लागतात. पुरुषाचा आराम कमी होतो, बाईचा वाढू शकतो. 'वाढू शकतो' असंच म्हणायला हवं. कारण नवऱ्याच्या मागे गेलेली, भाषा न येणारी, इथली पदवी तिथे मान्य न झालेली बाई चार भिंतींत एकटी पडते, आणि तिच्या बाबतीत तिरोडीचा ओटा, शेजारणी, हळदीकुंकू हे सगळं वजा होऊन हाती काहीच येत नाही. तिचं भवितव्य एकाच गोष्टीवर ठरतं: जाण्याआधी ती भाषा किती शिकली आणि तिच्या स्वतःच्या शिक्षणाला तिकडे मान्यता आहे का. म्हणून नवरा-बायको दोघांचे कागद वेगळे मांडा. एकाला नफा आणि दुसऱ्याला तोटा होत असेल तर तो निर्णय कुटुंबाचा नफा म्हणून खपवू नका.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा: गेलेले लोक परत येत नाहीत, याहून मोठा पुरावा कोणता? पुरावा आहे, पण अर्धा. गेले ते कोण, हेही पाहावं लागतं. भाषा जमली, पैसा उभा राहिला, तब्येत साथ देत होती, तेच गेले. ज्यांना जमलं नाही ते वर्ष-दीड वर्षात मुकाट परत आले आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. शिवाय न परतण्याचं कारण नेहमी सुख असतंच असं नाही. कर्ज, मुलांची शाळा, आणि गावात 'हरून आला' म्हणतील ही भीती, ही कारणंही माणसाला तिथेच बांधून ठेवतात. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: प्रत्येक घराचा हिशेब वेगळा असेल तर तुलना करायचीच कशाला, नशिबावर सोडावं. हे मला मुळीच मान्य नाही. देशांमधले काही फरक कुणीही गेलं तरी लागू होतात. आठवड्यात पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी रजा, लेखी करार, किमान वेतनाचा खरोखर अंमल, रस्त्यावर अधिक सुरक्षितता, हे तिकडच्या साध्या कामगारालाही मिळतं. इकडे कंत्राटी मजुराला यातलं काय मिळतं, ते खदानीच्या गावात कुणाला वेगळं सांगायला नको. हे फरक जाणाऱ्याने आपल्या पारड्यात अवश्य टाकावेत, आणि मागे राहणाऱ्यांनी त्यांची मागणी इथे करावी. शंभर वर्षांपूर्वी या भागातलं मॅंगनीज इंग्रज कंपनी बाहेर नेत होती. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ मध्ये उघडलं ते मुख्यतः मध्य प्रांताचं हे खनिज जहाजांत चढवण्यासाठी. खनिजाचा भाव तेव्हाही बाहेरच ठरत होता. माणसाचा भावही बाहेरच ठरू नये, याची काळजी इथल्यांना करायलाच हवी.

शेवटी कागदांचं. जिथे काम करायचं त्या गावाचं नाव, घरभाडं आणि कामाचे तास लेखी करारात असल्याशिवाय तुलनेचा कागद पुरा करू नका. म्युनिकचा पगार आणि पूर्व जर्मनीतल्या लहान गावातलं भाडं एकत्र धरून गोड हिशेब करणारे दलाल पुष्कळ आहेत. नोकरी लावून देणारा दलाल उत्प्रवास कायदा, १९८३ खाली नोंदलेला आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. परवाना क्रमांक सांगायला जो कचरतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. लोकांनी स्वतः भरलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या राहणीमानाच्या संकेतस्थळांवर मोठ्या शहरांतले, इंग्रजी येणारे, नोकरदार लोकच माहिती भरतात. भाज्यांचे भाव पाहायला ती ठीक, निर्णयाला नाहीत. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, म्हणजे दोन्हीकडे भरलेल्या वर्षांची नोंद एकमेकांना धरता येते. तिकडच्या निवृत्तिवेतनाला किमान पाच वर्षांची भर लागते, त्यामुळे तिथली पगारपत्रकं आणि इथले भविष्य निर्वाह निधीचे कागद जपून ठेवा.

आणि सगळ्यांत आधी भाषा. शिकाऊ उमेदवारीसाठी साधारण बी-वन पातळी लागते, परिचारिकेच्या पात्रतेला पूर्ण मान्यता मिळायला बहुधा बी-टू. मन लावून रोज शिकणाऱ्याला बी-वनपर्यंत पोचायला आठ-दहा महिने तरी जातात, आणि अर्ध्यावर सोडणारे खूप असतात. तिरोडीच्या मुलाने बी-वनची परीक्षा इथेच, आपल्या घरी राहून द्यावी. ती झाली तर वरचा सगळा हिशेब कामाचा. नाही झाली तर जर्मनीचा पाचवा क्रमांक त्याच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: बी-वनचं प्रमाणपत्र मुलाच्या हातात पडेपर्यंत शेताची ऋणपुस्तिका बँकेत किंवा सावकाराकडे ठेवू नका.